पहिले ते बंद करा

कुठल्याही खोलीत शिरताना आपण आधी माणसांकडे बघतो. मॅडम भिंतींकडे बघायच्या. मग पर्समधून एक जुना, रबर लावून बांधलेला ट्रान्झिस्टर काढायच्या, तो कानाशी धरून खोलीभर फिरायच्या, आणि कुठेतरी एखाद्या चार्जरपाशी नाहीतर ट्यूबलाइटखाली त्याची खरखर वाढली, की तिकडे बोट रोखून म्हणायच्या, "पहिले ते बंद करा." नमस्कार, बसा, घरचे कसे आहेत, हे सगळं त्यानंतर.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं असतं तर त्यांनीच विचारलं असतं, की नावाचा काय संबंध, मोजमाप लिहा. आमचं कॉलेज वर्धा-देवळी रस्त्यावरचं. तिथे त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आणि मी सिव्हिलच्या पोरांना सर्व्हे. पोरं त्यांना 'बंद मॅडम' म्हणायची. ते त्यांच्या कानावर गेलं होतं. "ठीक आहे," म्हणाल्या, "चालू मॅडम म्हणण्यापेक्षा बरं."

आमचे प्राचार्य देवळीचे, हौशी माणूस. त्यांनी केबिनमध्ये माशांची काचपेटी ठेवली होती. मॅडम रजेचा अर्ज घेऊन आत गेल्या आणि ट्रान्झिस्टर पेटीजवळ नेताच असा कोकलला, की बाहेर शिपाई उठून उभा राहिला. "पहिले ते बंद करा सर." प्राचार्य काकुळतीला आले. "मॅडम, हवेचा पंप आहे तो. मासे मरतील." मॅडम म्हणाल्या, "मासे आहेत सर. पाण्यात राहायची सवय असते त्यांना." रजा लगेच मंजूर झाली. पुढे पुढे तर त्या दारात दिसल्या, की प्राचार्य उठून स्वतःच पंपाचं बटण बंद करत आणि मग त्यांना आत बोलावत.

सावंगीला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजच्या मागे लुकलुकणाऱ्या माळांची भिंतच केली होती. मॅडम रांगेत उभ्या राहून स्टेजवर गेल्या आणि पर्समधून ट्रान्झिस्टर काढला. नवरीला वाटलं, हा अहेर. तिने हसून दोन्ही हात पुढे केले. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ट्रान्झिस्टर माळांकडे नेला, तोंड वाकडं केलं आणि खाली उतरल्या. तो फोटो त्या लग्नाच्या अल्बममध्ये अजून आहे. नवरीचे हात रिकामे, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर असे भाव, की पाहणाऱ्याला वाटावं, यांना स्थळ पसंत नव्हतं.

त्यांच्या यजमानांना मी एकदा विचारलं, "घरी कसं काय?" ते निवृत्त शिक्षक, सोशिक माणूस. शर्टाची बाही वर करून मला दंड दाखवत म्हणाले, "हे बघा. चटणी पाट्यावर वाटून झाले आहेत. आमच्या घरी मिक्सर लावायचा तर आठवडाभर आधी अर्ज करावा लागतो."

आता हे सगळं कशासाठी, ते सांगितलं पाहिजे. नाहीतर तुम्हाला वाटायचं, बाई जरा सटकलेल्या होत्या. तसं वाटणाऱ्यांत मीही बराच काळ होतो.

आकाशातून नुसता उजेड येत नाही, रेडिओलहरीही येतात. त्यातल्या सगळ्यांत लांब लहरी, आपल्या गाण्यांच्या एफएमच्याही खालच्या, फार जुन्या आणि फार दुरून आलेल्या असतात. त्या ऐकायला गोल थाळी लागत नाही. मोकळं रान, चार ॲल्युमिनियमचे पाइप आणि एक चांगली जोडणी एवढ्यावर भागतं. ती जोडणी म्हणजे मॅडमचं आयुष्य. लग्नाआधी काही काळ त्या पुण्याकडच्या एका वेधशाळेत होत्या. मग वडील आजारी पडले, लग्न झालं, आणि त्या वर्ध्याला आल्या त्या इथल्याच झाल्या. पण तिथे डोक्यात शिरलेली अँटेना काही बाहेर पडली नाही. रात्रीचा स्वयंपाक आटोपला, की त्या पाइपचा कोन बदलून बघत, लांबी कमी करून बघत, आगपेटीएवढ्या डबीतला ॲम्प्लिफायर उकलून पुन्हा जोडत. मला म्हणायच्या, "अँटेना म्हणजे कान हो. आकाश आपण होऊन बोलतंच आहे. चांगल्या कानाची खूण एकच, मध्ये आपण बोलायचं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते त्यांच्यावरच उलटणार आहे.

पहिल्या चाचण्या कॉलेजच्या गच्चीवर झाल्या. तिथे आकाश सोडून सगळं ऐकू आलं. हॉस्टेलचे दिवे, लिफ्ट, संगणकांची खोली, पलीकडच्या हॉस्पिटलातल्या मशिनी. मला त्यांनी अँटेनाची उत्तर-दक्षिण रेषा आखून द्यायला बोलावलं होतं. मी डिपार्टमेंटचं नवंकोरं टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र, घेऊन ऐटीत गेलो. ट्रान्झिस्टर त्याच्याजवळ आला आणि माझी ऐट संपली. "पहिले ते बंद करा." शेवटी मी होकायंत्र, दोरी आणि खुंट्या घेऊन रेषा आखली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच पोरांना वाटलं, की सरांना सर्व्हे येतो.

गच्चीवर जमेना म्हणून अँटेना गेली मॅडमच्या माहेरी, अल्लीपूरच्या पुढच्या एका लहानशा गावात, त्यांच्या भावाच्या शेतात. जमिनीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरली, तिच्यावर तंबूच्या काठ्यांसारखे उतरते पाइप उभे केले. अशा चार अँटेना. गाव बघायला आलं. कोणी म्हणालं मांडव, कोणी म्हणालं कोंबड्या पाळते बाई. खरी गंमत गोठ्यात होती. नोंद घेणारा लॅपटॉप स्वतःच खरखर करतो. त्याला कुठेतरी पत्र्यात कोंडायला हवं होतं. भावाकडे धान्याची पत्र्याची कोठी रिकामी होती. लॅपटॉप आणि रिसीव्हर त्या कोठीत गेले. आलेख बघायचा तर मॅडमना कोठीत डोकं घालावं लागे. बाहेरून फक्त पदर आणि चप्पल दिसायची आणि आतून घुमणारा आवाज यायचा, "आलं, आलं, चढतंय!"

चढायची ती आकाशगंगा. तिचा मधला दाट भाग थंडीच्या दिवसांत सकाळी दक्षिणेला वर चढतो, सूर्याच्या उजेडात आपल्याला दिसत नाही, पण अँटेनेला ऐकू येतो. आलेखावर तेव्हा एक सावकाश टेकडी उमटते. मॅडमनी मला तिची ओळख शिकवली होती. "ही टेकडी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी लवकर येते. जे रोज घड्याळाच्या ठोक्याला येतं ते माणसाचं. जे रोज थोडं थोडं आधी येतं ते आकाशाचं."

गावात त्यांची भाषा बदलायची. कॉलेजात एवढं शुद्ध बोलणाऱ्या मॅडम अल्लीपूर मागे पडलं की मोकळ्या व्हायच्या. शेजारचं शेत शेषरावकाकांचं. वय झालेलं, कमरेत वाकलेले, पण जिभेने ताठ. मॅडमना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. मॅडम धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, ट्रान्झिस्टर कानाला लावून चालल्या होत्या, तेव्हा त्यांनी हटकलं.

"काय वं बाई, कवाची रेडू कानाले लावून फिरून राह्यली. गानं काऊन नाई लावत?"

"गानं लागलं तं मले काही ऐकू येत नाई ना काका."

काकांनी यावर बराच विचार केला. "मंग कानाले काऊन लावतं?"

रेडिओ हा काकांचा जुना जीव की प्राण. त्यांचा स्वतःचा कधीच मोडला होता आणि नातवाच्या मोबाइलमधलं गाणं त्यांना खरं वाटत नसे. मॅडमच्या हातातल्या ट्रान्झिस्टरकडे ते असे बघत, की मला त्यांची दया यायची. चांगला वाजणारा रेडिओ, आणि बाई त्यावर नुसती खरखर ऐकते.

गावात मॅडमची लढाई होती झटका मशीनशी. आपल्याकडे रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शेताभोवती तार, तारेत मशीन दर क्षणाला विजेचा झटका सोडते, जनावर नाक लावतं आणि पळतं. त्या प्रत्येक झटक्याला अँटेनेत एक टिचकी ऐकू येते. आजूबाजूच्या सगळ्या शेतांच्या मिळून टिचक्याच टिचक्या. मॅडम घरोघर गेल्या. सकाळच्या वेळी, टेकडी येते तेवढ्या वेळापुरतं, मशीन बंद ठेवा. डुकरं काही सकाळी येत नाहीत. माहेरवाशिणीचा शब्द, तेव्हा लोकांनी मानला. काका म्हणाले, "आभायातलं आयकाले आमची मशीन बंद! काय आयकू येते वं तुले?"

"आवाज येतो काका. लई दूरचा."

"काय म्हनते?"

"काही म्हनत नाई. नुसता येते."

"मंग त्याच्यापेक्षा रेडूवर गानं लाव," काका म्हणाले, पण मशीन त्यांनी बंद केली.

अशात ते पत्र आलं, ज्याची मॅडम तरुणपणापासून वाट बघत होत्या. दूरच्या एका ओसाड पठारावर अशा अँटेनांचं मोठं रान उभं राहणार होतं. कोणाची बांधणी घ्यायची हे ठरायचं होतं. दोन उरल्या होत्या. एक कुठल्याशा मोठ्या संस्थेची, आणि दुसरी मॅडमची, खुराड्याच्या जाळीवरची. तिकडची मंडळी शेतावर येऊन स्वतः चाचणी बघणार होती. मॅडमच्या निवृत्तीला फारसा अवधी उरला नव्हता. हे हुकलं तर पुन्हा नव्हतं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण स्टाफरूममध्ये माझा मोबाइल वाजत असताना त्यांनी दोनदा दुर्लक्ष केलं, तेव्हा मी काय ते समजलो.

आणि नेमकी तेव्हाच ती रेघ आली.

चाचणीच्या तयारीसाठी मॅडम रजा टाकून भावाकडे राहायला गेल्या होत्या, आणि आलेखावर रोज सकाळी एक बारीक, उभी, स्वच्छ रेघ उमटू लागली. काही वेळ राहायची, जरा इकडेतिकडे सरकायची आणि नाहीशी व्हायची. टेकडी रोज थोडी लवकर येत होती. रेघ मात्र ठरल्या वेळेलाच. मॅडम म्हणाल्या, "घड्याळाप्रमाणे येते. म्हणजे माणूस आहे." यात त्यांचं काडीइतकंही चुकलं नव्हतं.

रेघेत धोका होता तो असा. पाहुणे ती बघणार आणि पहिलं हेच म्हणणार, की बाई, ही गावातली नाही, तुमच्या डबीतूनच येते. तुमचा ॲम्प्लिफायर स्वतःच गुणगुणतो. म्हणजे तुमचा कान मध्ये बोलतो. मॅडमच्या अँटेनेला याहून मोठी शिवी नव्हती. डबी त्यांनी उकलून, तपासून, पुन्हा बांधून झाली होती. डबी निर्दोष आहे असा त्यांचा जीव सांगत होता. राहिलं गाव.

मग गावावर जे संकट आलं ते विचारू नका. मॅडमनी रजा वाढवून घेतली. शाळेचा इन्व्हर्टर बंद. पिठाची चक्की सकाळी बंद. मास्तरांची विजेवर चालणारी स्कूटर अर्ध्या वाटेत उभी करून बंद. मास्तर ती ढकलत शाळेत गेले. एका म्हातारीच्या देव्हाऱ्यातली लुकलुकणारी माळ बंद. रेघ येतच राहिली. मग मॅडमनी ठरवलं, की एखादी झटका मशीन बंद असूनही आतून जिवंत राहत असणार. सगळ्या मशिनींच्या बॅटरीच्या वायरी काढून ठेवायच्या, रात्रंदिवस, रेघ सापडेपर्यंत. लोक कुरकुरले. शेतात जागल करायची पाळी आली, डबडी वाजवत बसायची. तरी काढल्या. राहायला आल्यापासून रोज सकाळी मॅडम ट्रान्झिस्टर कानाला लावून सगळ्या धुऱ्यांवरून फेरी मारतच होत्या; आता कोणी गुपचूप वायर जोडली नाही ना, याचीही खात्री करू लागल्या. एकानेही जोडली नव्हती. त्या गावाइतकं आज्ञाधारक गाव मी पाहिलं नाही.

डुकरांनी मात्र मॅडमना शब्द दिलेला नव्हता. जागल करता करता काकांचा डोळा लागला आणि कळप हरभऱ्यात शिरला. सकाळी बघितलं तर धुऱ्यालगतचा अख्खा पट्टा उकरून, तुडवून, चघळून टाकलेला. घाटे भरत आलेले होते. काका खाली बसून तुटलेले घाटे ओंजळीत वेचू लागले. मॅडमना दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत, असं भावजय मला म्हणाली. पण "आता दोन दिवसच काका, सापडतेच आता," एवढं मात्र त्या काकांना सांगून आल्या.

त्यानंतर रेघ अचानक बंद झाली. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मॅडमचा फोन आला. आवाजात असा आनंद, की मला शेताच्या दिशेला बघावंसं वाटलं. "गेली! कोणीतरी ऐकलं शेवटी! या रविवारी, टेकडी बघायला या. आणि येताना मोठे सेल घेऊन या. इथे मिळत नाहीत, दोन दिवस झाले ट्रान्झिस्टर बंद पडून."

तुम्ही हुशार आहात. तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नव्हतं.

जाडे सेल हल्ली कोण ठेवतो? वर्ध्यात फिरून, शेवटी देवळीच्या एका जुन्या दुकानात मिळाले. रविवारी मी पोचलो तेव्हा टेकडी ऐन भरात होती. मी आणि मॅडम, दोघांनी शेजारी शेजारी कोठीत डोकी घातली. आलेख इतका स्वच्छ होता, की मला त्यातलं काही कळत नसूनही तो सुंदर वाटला. "बघा," त्या म्हणाल्या, "गाव गप्प, डबी गप्प. आता फक्त ते बोलतंय." मग त्यांनी डोकं बाहेर काढलं, फेरीला निघायचं म्हणून माझे सेल ट्रान्झिस्टरमध्ये घातले आणि तिथेच, गोठ्याच्या दारात, बटण फिरवलं.

मी अजून कोठीतच होतो. "मॅडम," मी म्हणालो, "रेघ आली."

त्यांनी बटण बंद केलं. रेघ गेली. चालू केलं. आली. मी आतून "आली", "गेली", "आली" असं सांगत होतो, आणि मग बाहेरून बटणाचा आवाजच यायचा थांबला.

जुना ट्रान्झिस्टर ऐकता ऐकता स्वतःही बारीक काहीतरी बोलत असतो. आपलं स्टेशन शोधायला तो आतल्या आत एक सूर लावतो आणि त्यातला थोडासा बाहेर सांडतो. ही गोष्ट कोणाला ठाऊक नसते असं नाही. मॅडम ती दुसऱ्या वर्षाच्या पोरांना दर वर्षी शिकवत. परीक्षेत विचारत. गाव गप्प आहे का हे बघायला त्या रोज ठरल्या वेळी धुऱ्यांवरून फिरत, आणि त्या वेळी त्या रानात बोलणारं एकच जण असे.

मला हसू आवरेना. मी कोठीतून बाहेर आलो तेव्हा मात्र आवरलं. मॅडम पांढऱ्या पडल्या होत्या. मला वाटलं, त्या चाचणीबद्दल काही म्हणतील, पाहुण्यांबद्दल. त्या म्हणाल्या, "काका शेतात असतील का आता?"

काका शेतातच होते, तुडवलेल्या पट्ट्यातली वाचलेली झाडं सरळ करत. मॅडम धुऱ्यावर उभ्या राहिल्या. हातातला ट्रान्झिस्टर घाईत पुन्हा चालू झाला होता, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं, तो खरखरत होता.

"काका, ते तुमच्या मशीनचं नव्हतं. कोनाचंच नव्हतं." त्यांनी ट्रान्झिस्टर पुढे धरला. "ह्याचं होतं. माह्याच हातात होतं. तुमचा हरभरा मीच खाल्ला काका."

काका कमरेवर हात ठेवून जमेल तेवढे सरळ झाले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, ट्रान्झिस्टरकडे पाहिलं, तुडवलेल्या हरभऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले,

"मंग पहिले ते बंद कर ना वं."

मॅडम तिथेच धुऱ्यावर बसल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या. काकाही दात नसलेल्या तोंडाने हसले. मग काकांनी त्यांना हात धरून उठवलं. "डुक्कर तं दर साली खाते बाई," म्हणाले. "औंदा सांगून खाल्लं."

संध्याकाळी मॅडम पुन्हा घरोघर गेल्या, या वेळी वायरी जोडा म्हणून सांगायला, आणि प्रत्येक दारात चूक कोणाची होती तेही सांगितलं. गावाने ते फार आवडीने ऐकलं. मास्तरांनी दोनदा ऐकलं.

पाहुणे आले त्या दिवशी गावाने न सांगता सकाळपुरत्या मशिनी बंद ठेवल्या. पाहुण्यांतल्या एका तरुण शास्त्रज्ञाच्या मनगटावर चकचकीत घड्याळ होतं. मॅडमनी आधी बोट दाखवलं, आणि मागून त्यांच्या भावाच्या बायकोने वाक्य पुरं केलं, "पहिले ते बंद करा साहेब." टेकडी आली, स्वच्छ, थोडी लवकर, जशी यायला हवी तशी. मागच्या नोंदी बघताना त्या तरुणाने विचारलं, "मॅम, ही रेघ कसली होती?" मॅडम म्हणाल्या, "ती मी होते." त्याला तो विनोद वाटला आणि तो हसला. मॅडमनी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्याने हसणं थांबवलं आणि त्याच्या वयोवृद्ध प्रमुखाने सुरू केलं.

मॅडमची अँटेना निवडली गेली. पठारावर आज ती शेकड्यांनी उभी आहे. कागदोपत्री तिचं नाव दोन अक्षरं आणि एक आकडा असं आहे. बाईंचं नाव कुठे सापडायचं नाही. मी यावर चिडून बोललो, तेव्हा त्यांनी मला पठाराचा एक फोटो दाखवला. क्षितिजापर्यंत त्याच उतरत्या पाइपांच्या रांगा. "बघा ना," म्हणाल्या, "एक तरी मध्ये बोलतेय का?"

शेतातल्या चार अँटेना तशाच ठेवून त्या मोसमभर नोंद घेत राहिल्या. काकांच्या हरभऱ्याची भरपाई म्हणून त्यांनी काकांना काय दिलं माहीत आहे? ट्रान्झिस्टर. काकांना हर्ष झाला. तो दोन्ही हातांत घेऊन त्यांनी बटणावर अंगठा ठेवला, आणि मॅडम म्हणाल्या, "अवो काका, आत्ता नाई. माह्यं आभाय चालू हाये. मी सांगतो तवरिक बंद ठेवजा." इतक्या वर्षांनी पुन्हा घरात रेडिओ आला, तोही न वाजवायचा. एवढी उलटी भरपाई मी सरकारी खात्यातही पाहिली नाही.

मॅडम निवृत्त झाल्या. प्राचार्यांनी समारंभात भाषण केलं आणि त्या दिवशी माशांचा पंप सकाळपासूनच बंद ठेवला होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका दुपारी, पाट्याजवळच बसल्या जागी मॅडम गेल्या. हृदय थांबलं. यजमान म्हणाले, आवाजसुद्धा झाला नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. स्टाफरूममध्ये आता सगळं चालू असतं, आणि कोणी काही म्हणत नाही.

कॉलेजने रिसीव्हर, लॅपटॉप आणि केबल स्टोअरला जमा करायला सांगितलं. ते आणायला मीच गेलो होतो. कोठीत पुन्हा सोयाबीन भरलं आहे. पाइप मात्र भावाने काढू दिले नाहीत. त्यांच्या टोकांवर कोतवाल पक्षी बसतात.

यंदाच्या थंडीत पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. काकांचा हरभरा जोरात होता, तारेतली मशीन टिकटिकत होती. काकांनी घरात नेऊन चहा पाजला. कोनाड्यात देवाच्या शेजारी ट्रान्झिस्टर होता, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला. त्यावर कणभर धूळ नव्हती. मी विचारलं, "काका, गाणी ऐकता ना आता?"

"नाई."

"का? सेल नाहीत? मी आणून देतो."

"सेल हायेत. तुमचेच हायेत."

मी कप खाली ठेवला. त्यांना ठाऊक नसेल असं वाटून जपून म्हणालो, "काका, तिथली वायर आता नाही. मीच काढून नेली. ते पाइप नुसते उभे आहेत. आता वाजवला तरी कोणाला काही होत नाही."

"मालूम हाये मले," काका म्हणाले. "म्या पाह्यलं ना तुमाले नेतानी."

मग त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं.

"पन बंद ठेवजा म्हून बाई सांगून गेलती. चालू करा म्हून सांगाले आली कुठी अजून?"